‘आरटीए’ एवढं लिहून भागत नाही

रस्ता अपघाताचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की केसपेपरवर बहुतेक वेळा एकच ओळ पडते: ‘ए/एच/ओ आरटीए’. सांगणाऱ्याच्या म्हणण्यानुसार रस्त्यावर अपघात झाला, एवढाच तिचा अर्थ. समोर रक्त वाहत असताना डॉक्टरांनी आधी जखमेकडे पाहावं हे बरोबरच आहे. पण जखम बांधून झाल्यावरही ती ओळ तशीच राहिली तर पुढचं सगळं अडतं. मेडिकल रेकॉर्ड विभागातल्या माणसाला कोड सापडत नाही, विमा कंपनी शंका काढते, पोलिसांच्या कागदात आणि रुग्णालयाच्या कागदात मेळ बसत नाही. अपघातात सापडलेला मुलगा स्केटबोर्डवर असेल तर ही अडचण दुप्पट होते, कारण ‘आरटीए’ या शब्दात ना बोर्ड दिसतो, ना धडक देणारी गाडी.

स्केटबोर्ड आता परका राहिलेला नाही. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात सुवर्णपदक मिळवलं. ते पाहून बोर्ड घेणारी मुलं मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहरात सराव करणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, सर्व्हिस रोडवर. आणि तिथेच रिक्षा, स्कूटर, टेम्पो, पाण्याचे टँकर येत-जात असतात.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: कॅज्युअल्टीत केसपेपर लिहिणारे डॉक्टर आणि परिचारिका, त्या कागदांवरून कोड लावणारे (मग ते इथल्या रुग्णालयाचे असोत किंवा अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट पाहणारे मेडिकल कोडर), आणि जखमी मुलाचे आईवडील. तिघांनाही एकच सांगायचं आहे: कोड कॉम्प्युटरवर टाकला जातो, पण तो ठरतो केसपेपरवर, पहिल्या पाच ओळींत.

बोर्डावरचा मुलगा कोडच्या लेखी पादचारी

पहिला गोंधळ इथेच होतो. स्केटबोर्डला चाकं आहेत म्हणून त्यावरचा मुलगा ‘वाहनचालक’ ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात पादचारी म्हणजे फक्त पायी चालणारा नव्हे. रोलर स्केट, स्केटबोर्ड, बाबागाडी, व्हीलचेअर वापरणारे सगळे पादचाऱ्यांतच मोडतात. त्यामुळे गाडीने धडक दिली असेल तर कोड व्ही०१ ते व्ही०९ या पादचाऱ्यांच्या गटातून निवडायचा. (कोडमधली इंग्रजी अक्षरं या लेखात देवनागरीत दिली आहेत.)

गाडीचा संबंधच नसेल, मुलगा आपसूक पडला असेल, तर गट बदलतो. आयसीडी-१० मध्ये त्यासाठी डब्ल्यू०२ आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या विस्तारित आवृत्तीत त्याऐवजी व्ही००.१३ हा उपगट आहे: स्केटबोर्डवरून पडणं व्ही००.१३१, खांब किंवा भिंतीसारख्या स्थिर वस्तूवर आदळणं व्ही००.१३२, इतर प्रकार व्ही००.१३८.

धडक असेल तर कोणत्या गाडीची, यावर कोडचे पहिले तीन आकडे-अक्षरं ठरतात. सायकल असेल तर व्ही०१. दुचाकी किंवा तीनचाकी मोटार वाहन असेल तर व्ही०२, म्हणजे आपली रिक्षा आणि स्कूटर दोन्ही इथेच. मोटारकार, पिकअप, व्हॅन यांना व्ही०३. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा लहान टेम्पोही यातच. डंपर, टँकर, ट्रक आणि बस यांना व्ही०४. म्हणून केसपेपरवर ‘गाडीने उडवलं’ असं लिहिलं तर कोडरच्या हाती काही लागत नाही. परिवहनची बस आणि शेजाऱ्याची स्कूटर हे दोन वेगळे कोड आहेत.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. आयसीडी-१० च्या चार अक्षरी कोडमध्ये स्केटबोर्ड दिसत नाही. रस्त्यावर कारने उडवलेला पायी माणूस आणि बोर्डावरचा मुलगा, दोघेही व्ही०३.१. आयसीडी-१०-सीएम पाचव्या जागी हा फरक करते: पायी असेल तर ०, रोलर स्केटवर १, स्केटबोर्डवर २. उभ्याने चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठीही तिथे आता वेगळे कोड आहेत. इथल्या रुग्णालयांत चार अक्षरी कोडच लागत असेल, तर मुलगा बोर्डावर होता ही गोष्ट नोंदवायला केसपेपर ही एकच जागा उरते. तिथे राहून गेली की ती कायमची गेली.

फाटकाच्या आत की बाहेर

कोडचं चौथं स्थान विचारतं: अपघात वाहतुकीच्या रस्त्यावर झाला की त्याबाहेर? बाहेर असेल तर ०, रस्त्यावर असेल तर १, कळलंच नाही तर ९.

आपल्याकडे सोसायट्यांची फाटकं थेट रस्त्यावर उघडतात, म्हणून हे ठिकाण नीट विचारून घ्यावं लागतं. सार्वजनिक रस्ता म्हणजे केवळ डांबरी पट्टा नव्हे. लोकांच्या ये-जा करण्यासाठी खुली असलेली जागा एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत त्यात धरली जाते, म्हणून फुटपाथवर चढलेल्या स्कूटरने मुलाला धडक दिली तरी तो वाहतूक अपघातच. याउलट, सोसायटीच्या आवारात पार्किंगमधून मागे घेतल्या जाणाऱ्या कारखाली बोर्ड आला तर तो वाहतुकीबाहेरचा: आयसीडी-१०-सीएममध्ये व्ही०३.०२. आणि मुलगा आवारातून उतरत फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यावर रिक्षा लागली, तर सुरुवात आत झाली असली तरी अपघात रस्त्यावरचा: व्ही०२.१२. ‘बिल्डिंगजवळ’ या एका शब्दाने या तिन्ही घटना एकसारख्या दिसायला लागतात.

तसंच, गाडी चालती होती की उभी, हेही विचारा. मुलगा गाडी चुकवायला वळला आणि गाडी न लागताच पडला, असंही घडतं. तेव्हा टक्कर झालेली नसते, आणि कोड पडण्याच्या गटात जातो. ‘गाडीचा स्पर्श झाला / झाला नाही’ एवढे शब्द पुरतात.

पहिल्या पाच ओळींत काय असावं

लांबलचक हकिगत कुणी मागत नाही. नमुन्यादाखल एक कल्पित नोंद पाहू:

‘माहिती देणारे: रुग्ण स्वतः आणि सोबतचा मित्र. वय १९, विद्यार्थी. आज सायंकाळी ६.४५ च्या सुमारास मीरा रोड पूर्वेला सोसायटीच्या फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर स्केटबोर्डवरून जात असताना मागून आलेल्या रिक्षाची धडक. उजवा हात टेकून पडला. हेल्मेट नव्हतं. सुमारे ५ मिनिटं शुद्ध हरपल्याचं मित्र सांगतो. उलटी नाही, झटके नाहीत, नाका-कानातून रक्तस्राव नाही. रुग्णालयात आणलं ७.२० वाजता, मित्राने.’

यात कोडरला हवं ते सगळं आहे: पायाखाली काय होतं, धडक कशाची, कुठे, कधी, काय करताना, आणि हे कोणी सांगितलं. शेवटचा मुद्दा विसरू नका. हकिगत ही सांगणाऱ्याची असते. डॉक्टर साक्षीदार नसतात. चूक कोणाची, गाडी भरधाव होती का, हे रुग्णालयाने ठरवायचं नाही. सांगणाऱ्याने तसं म्हटलं असेल तर त्याच्या नावावरच ते लिहावं.

जागेचं नाव लिहितानाही ‘मीरा रोड’ एवढ्यावर थांबू नये. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय २०२० पासून स्वतंत्र आहे आणि शहराची हद्द मीरा रोड, नया नगर, काशीमिरा, नवघर, भाईंदर अशा पोलीस ठाण्यांत विभागलेली आहे. चौक, सोसायटी किंवा ओळखीची खूण लिहिली की सूचना योग्य ठाण्याला जाते.

जखम अशी लिहा की ती वाचून दिसावी

बोर्डावरून उडालेला माणूस बहुधा हात टेकतो. त्यामुळे मनगटाजवळचं रेडियस हाड आणि तळहाताच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड यांना धोका असतो. कारचा बंपर नडगीला लागतो. डोकं आपटतं. या प्रत्येक ठिकाणी कोड पुढचे प्रश्न विचारतो, आणि उत्तर नोंदीत नसेल तर नियमाने ठरलेलं उत्तर घ्यावं लागतं.

बाजू: डावी की उजवी. केसपेपर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड या तिन्हीवर एकच बाजू असायला हवी.

हाड: कोणतं, हाडाचा कोणता भाग, उघडं की बंद फ्रॅक्चर, सरकलेलं की जागेवर. आयसीडी-१०-सीएमचा नियम असा की उघडं-बंद लिहिलं नसेल तर बंद धरायचं आणि सरकलं की नाही हे लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं. म्हणजे न लिहिल्याने कोड रिकामा राहत नाही, चुकीचा लागतो.

डोकं: शुद्ध गेली होती का, किती मिनिटं, आल्यावर ग्लासगो कोमा स्केल किती. शुद्ध न जाता झालेलं कन्कशन, ३० मिनिटांपर्यंत शुद्ध गेलेलं आणि किती वेळ ते न कळलेलं, यांचे कोड वेगळे आहेत. ‘हेड इंज्युरी’ एवढ्या दोन शब्दांवरून कोडर यातला एकही निवडू शकत नाही.

जखम: खरचटलं, फाटलं, की मुका मार. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. टाके किती. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की नाही.

एमएलसी ही शिक्षा नव्हे

गाडीची धडक म्हटली की मेडिको-लीगल केस (एमएलसी) नोंदवायची. ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून नातेवाईक अनेकदा ‘जिन्यावरून पडला असं लिहा’ असं सुचवतात. यात नुकसान मुलाचंच होतं. खोटी हकिगत एकदा कागदावर आली की पुढे भरपाईच्या दाव्यात तोच कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

उपचार मात्र कागदासाठी थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे की जखमीला वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. जखमीला आणून सोडणाऱ्या भल्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही.

एमएलसीत रुग्णाच्या शरीरावरच्या दोन ओळखखुणा, आणणाऱ्याची माहिती, तपासणीची वेळ आणि प्रत्येक जखमेचं वर्णन असतं. शिवाय जखम साधी की गंभीर, हे मत द्यावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही गंभीर दुखापत आहे. म्हणून मनगटावर नुसती सूज दिसली तरी एक्स-रे येईपर्यंत मत राखून ठेवावं आणि एक्स-रेचा क्रमांक नोंदवून मगच द्यावं. ‘साधी’ असं घाईत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्कॅफॉइडला चीर दिसली तर ते दुरुस्त करताना सगळ्यांचीच दमछाक होते.

तीच नोंद, कोडमध्ये

वरच्या कल्पित १९ वर्षांच्या तरुणाचं निदान असं झालं असं धरू: उजव्या मनगटाचं बंद कॉलिस फ्रॅक्चर, ५ मिनिटं शुद्ध हरपलेलं कन्कशन, डाव्या गुडघ्याला खरचटलेलं. आयसीडी-१०-सीएममध्ये हे असं उतरेल.

आधी दुखापती. कॉलिस फ्रॅक्चर, उजवं, बंद, उपचार चालू: एस५२.५३१ए. कन्कशन, शुद्ध ३० मिनिटांच्या आत परतली: एस०६.०एक्स१ए. डाव्या गुडघ्याला खरचटणं: एस८०.२१२ए. डॉक्टरांच्या मते जी दुखापत सगळ्यात गंभीर, ती पहिली. उजव्या मनगटावर त्याच जागी खरचटलेलंही असतं, तर ते वेगळं कोड करायचं नाही. मोठ्या जखमेत लहान जखम सामावते.

मग बाह्य कारण. रस्त्यावर दोन किंवा तीनचाकी मोटार वाहनाने धडक दिलेला, स्केटबोर्डवरचा पादचारी: व्ही०२.१२एक्सए. सहाव्या जागेचा ‘एक्स’ जागा भरण्यासाठी असतो. तो वगळला तर ‘ए’ सातव्या जागी पोचत नाही आणि कोड अवैध ठरतो.

मग ठिकाण: वस्ती किंवा बाजारपेठेतला स्थानिक रस्ता, वाय९२.४१४. कृती: स्केटिंग आणि स्केटबोर्डिंग, वाय९३.५१. स्थिती: फुरसतीत, कामावर नसताना, वाय९९.८. हे तीन कोड पहिल्या भेटीलाच एकदा लागतात, फेरतपासणीला पुन्हा लावायचे नसतात. दुखापतीचा आणि बाह्य कारणाचा कोड मात्र उपचार संपेपर्यंत चालतो. फक्त सातवं अक्षर बदलतं.

हाच रुग्ण आपल्याकडच्या रुग्णालयात आयसीडी-१० मध्ये नोंदवला तर बाह्य कारण व्ही०२.१ एवढ्यावर थांबेल. सांगाडा तोच, तपशील कमी.

नेहमी होणाऱ्या चुका

बाह्य कारणाचा कोड पहिला लावणं. तो कधीच मुख्य निदान होऊ शकत नाही. तो दुखापतीच्या मागूनच येतो.

‘ए’ म्हणजे पहिली भेट, असं समजणं. ‘ए’ म्हणजे त्या दुखापतीवर प्रत्यक्ष उपचार सुरू आहेत. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवून शस्त्रक्रिया झाली तरी तिथेही ‘ए’च लागतं. प्लास्टर घातल्यावर हाड व्यवस्थित जुळतंय ना हे पाहायच्या भेटीला ‘डी’, आणि पुढे राहिलेल्या दोषासाठी ‘एस’.

स्केटबोर्ड हा शब्द दिसला की लगेच व्ही००.१३ लावणं. गाडीची टक्कर झाली असेल तर व्ही०१ ते व्ही०९ हाच गट. या दोन गटांतून एका घटनेसाठी एकच.

निदानाचा आणि उपचाराचा कोड एकमेकांशी न जुळणं. हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं असेल तर प्रक्रियेचा सीपीटी कोड २५६०५, न बसवता नुसतं प्लास्टर घातलं असेल तर २५६००. निदानात ‘जागेवर असलेलं फ्रॅक्चर’ आणि बिलात ‘बसवलं’ असं दिसलं तर दावा अडकणारच.

आणि सगळ्यात मोठी चूक, अंदाज बांधणं. डॉक्टरांनी रिक्षा लिहिली नसेल तर ‘मीरा रोड म्हणजे रिक्षाच असेल’ असं कोडरने ठरवू नये. डॉक्टरांना विचारावं, आणि तेही उत्तर तोंडात न घालता. ‘रिक्षानेच धडक दिली ना?’ असं नव्हे, तर ‘धडक कोणत्या वाहनाची होती, हे नोंदीवरून कळत नाही, कृपया स्पष्ट करावं’ असं. डॉक्टरांनी भर घातली तर तीवर त्या दिवशीची तारीख, वेळ आणि सही हवी. जुनी ओळ खोडायची नाही.

आईवडिलांनी काय सांभाळावं

मुलगा कॅज्युअल्टीत असताना कागदांचं भान राहत नाही. पण शांत झाल्यावर केसपेपरवरची हकिगत एकदा वाचा. बोर्ड, गाडी, जागा, वेळ यात चूक असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. एमएलसी क्रमांक लिहून घ्या. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं एका ठिकाणी ठेवा. तुटलेला बोर्ड फेकू नका. हेल्मेट असेल तर तेही ठेवा. नोंदींच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत मिळायला हव्यात.

मोटार वाहनाच्या रस्ता अपघातात जखमी झालेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस उपचार योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत त्यातून होऊ शकतात. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून वकिलांचा सल्ला लवकर घ्यावा. या तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: दुखापत मोटार वाहनाच्या धडकेने झाली, हे कशावरून? उत्तर त्या केसपेपरवर असतं.

आजपासून करता येईल असं एक काम

भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयापासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत, कुठेही फारसा खर्च न करता एक सुधारणा होऊ शकते. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर एक रबरी शिक्का मारायचा, त्यात सहा रिकाम्या जागा: रुग्ण कशावर होता, धडक कशाची, रस्त्यावर की आवारात, नेमकी जागा, वेळ, माहिती कोणी दिली. भरायला एक मिनिट पुरतं. ते काम परिचारिका किंवा इंटर्न करू शकतात, डॉक्टर वाचून सही करतात.

असे शिक्के वर्षभर भरले गेले, तर कोणत्या रस्त्यावर मुलं चाकांखाली येतात, किती जण पायी होते, किती बोर्डावर किंवा स्केटवर, हे शहराला स्वतःच्या नोंदींतून कळेल. गतिरोधक कुठे हवा, मुलांना खेळायला सुरक्षित जागा कुठे द्यायची, ही मागणी मग नगरसेवकांकडे आकड्यांनिशी नेता येईल. एका मुलाच्या केसपेपरवर नीट लिहिलेली ओळ अशी दुसऱ्या मुलाचा अपघात टाळायला उपयोगी पडते. म्हणून ‘आरटीए’ लिहून झालं की पेन खाली ठेवू नका. पुढच्या चार ओळी लिहा.